सात वाजताचं रीडिंग

"भिंत चाटली तरी याहून जास्त चव लागेल," बाबा म्हणाले.

मला नाही, समोरच्या उकडलेल्या अंड्याला. मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर ओट्यापाशी पाव भाजत होते. पण बाबांचा डावा कान हल्ली कामचुकारपणा करतो, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशी त्यांची समजूत आहे. अंड्याचा दुसरा तुकडा तोंडात टाकून ते त्याच सुरात पुढे म्हणाले, "कोंबडीनं एवढे कष्ट घेतले, ते पाण्यात."

मीठ मीच लपवलं होतं. वरच्या फळीवर ठेवलं असतं तर त्यांनी स्टूल लावून काढलं असतं, आणि पंचाहत्तरीला टेकलेला माणूस स्टुलावर चढलेला मला परवडणारा नव्हता. म्हणून ते आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं, रिळांच्या खाली. त्या डब्याला बाबा हात लावत नाहीत. आईच्या कुठल्याच वस्तूला लावत नाहीत. त्यामुळे दीड वर्षानंतरही तिची चप्पल दाराशीच होती, आणि केर काढताना मी ती उचलून पुन्हा होती तशी ठेवत असे.

दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी येते आणि रविवारी दुपारी परत जाते. चार तासांचा प्रवास. तिकडे मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नंबर कागदावर लिहून येतो, मी काच त्या नंबराची करते आणि फ्रेममध्ये बसवते. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून आयुष्य घालवलेली बाई मी, हे पुढच्या हकिगतीत ध्यानात ठेवलं तर माझी फजिती आणखी खुलेल. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही. हे सांगायला पूर्वी मला अर्धा तास लागायचा, आता एवढं वाक्य पुरतं.

बाबांना वर्दी मिळाली ती न्हाव्याच्या दुकानात, चार महिन्यांपूर्वी. केस कापून झाले, शर्टाची वरची गुंडी लावायला गेले आणि उजव्या हाताची बोटं त्यांची राहिलीच नाहीत. न्हाव्याला काहीतरी म्हणाले, ते न्हाव्याला कळलं नाही. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला, तो खाली पडला. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. बाबा उठले, गुंडी लावली, चालत घरी आले आणि तीन दिवसांनी मला फोनवर गंमत म्हणून सांगितलं, की या न्हाव्यानं मान अशी काही दाबली की हातच झोपला.

मी हातातली काच खाली ठेवली, रजा टाकली आणि पहिली गाडी पकडली.

दवाखान्यातला डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. पण बोलणं सरळ. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि आपलं आपण सुटलं, असं तो म्हणाला. पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. रक्तदाब बेताल वाढलेला होता, आणि तो किती वर्षांपासून वाढलेला होता ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी मोजलाच नव्हता. मग त्यानं एकेक सांगायला सुरुवात केली. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, रोज अर्धा तास चालणं. तंबाखूशी आलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच चुगली केली. केलीच होती. आणि सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून वहीत लिहायचा. एवढं सगळं पाळलं तर मोठ्या झटक्याचा धोका पुष्कळ कमी होतो, हे त्यानं दोनदा सांगितलं. एकदा बाबांना, एकदा मला.

वहीचं नाव काढताच बाबांचा चेहरा उजळला. चौतीस वर्षं ते पाणीखात्यात मीटर-रीडर होते. दारोदार जायचं, जमिनीतल्या खोक्याचं झाकण उचलायचं, वाकून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. रोजची दहा-अकरा किलोमीटरची पायपीट. आकडा लिहिणं हे त्यांच्या हातातलं काम होतं. मी रक्तदाबाचं यंत्र आणलं, पट्टा दंडावर कसा बांधायचा ते दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे वहीत रकाने आखले, पट्टीनं, आणि वर सुरेख अक्षरात स्वतःचं नाव, वय आणि मीटर क्रमांकाच्या जागी यंत्राचा क्रमांक लिहिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी फोन करायची.

"एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी," बाबा सांगायचे.

चाललात का? चाललो. गोळी? घेतली. जेवणात काय? बघू. मग दोघं गप्प. फोन मात्र कोणी ठेवायचं नाही. त्यांच्याकडचा रेडिओ मला ऐकू यायचा, माझ्याकडचा नळ त्यांना. मग त्यांनी म्हणायचं, वॉशर गेलाय तुझ्या नळाचा. मी म्हणायची, हो, बदलते. चार महिन्यांत तो वॉशर काही मी बदलला नाही. खरं सांगायचं तर बदलला असता तर त्यानंतर बोलायला काय उरलं असतं, ते मला सुचत नव्हतं.

माझी खोली एका खिडकीची आहे. दिवसभरात चष्म्याच्या नंबराखेरीज माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि तेही कागदावरून. त्यामुळे सात वाजताचा फोन बाबांच्या तब्येतीसाठी होता हे जेवढं खरं, तेवढंच तो माझ्या तब्येतीसाठी होता हेही खरं.

भाऊ माझा लांब राहतो, विमानानं जावं लागेल इतका. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो बाबांना ऐंशी वर्षांचे म्हातारे डोक्यावर उभे राहिलेले व्हिडिओ पाठवतो. बाबांनी एक पूर्ण पाहिला आणि विचारलं, "याला खाली उतरवायला याच्या घरी कोणी आहे का?"

गंमत म्हणून विचारलं. पण मी आणि भाऊ, दोघांनीही त्यावर काही उत्तर दिलं नाही.

कारण त्या वाटेनं गेलं की आईपाशी पोहोचायला होतं, आणि आईच्या बाबतीत आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी होती. दीड वर्षापूर्वी एका सकाळी आठच्या चहानंतर आई आडवी झाली, आणि अकरा वाजता बाबा तिला उठवायला गेले तेव्हा ती गेलेली होती. आलेल्या डॉक्टरांनी मेंदूत काहीतरी झालं असावं असं सांगितलं आणि कागदावर तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिनं दारातच वाक्य तयार केलं, की वहिनी झोपेत गेली, सुटली बिचारी. ते वाक्य सगळ्यांनी उचललं. सोपं होतं, आणि सगळ्यांना पुरण्याएवढं होतं. आठ आणि अकराच्या मध्ये काय झालं ते बाबांना कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आणि त्याच्या आदल्या दिवसाबद्दल मला कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? आदल्या संध्याकाळी मी आईला फोन केला होता. ती शब्द चावत बोलत होती, सकाळपासून जीभ जड वाटतेय म्हणाली. मी म्हटलं, मग आज बाबांना जरा विश्रांती मिळाली असेल. ती हसली. हसणंही जरा तिरपं आलं कानावर. मी फोन ठेवला आणि कपडे वाळत घातले.

तर त्या शनिवारी सकाळी अंडं संपलं. अर्ध्या तासानं मी बाबांना म्हटलं, आज माझ्यासमोर एक रीडिंग घेऊ या, मला बघायचंय. त्यात संशय काही नव्हता. उलट कौतुकच होतं. वहीतले आकडे गेले तीन महिने इतके चांगले होते की मी पानांचे फोटो काढून डॉक्टरला पाठवले होते. मध्यंतरी बाबांना उठताना चक्कर येत होती. डॉक्टरनं फोटो पाहिले, आकडे आता खाली आलेत, त्यामुळेच चक्कर येत असेल, असं म्हणून रक्तदाबाची गोळी अर्धी केली. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, वडिलांची गोळी अर्धी झाली. पोरगं पहिलं आल्यासारखं.

बाबांना एकदम कामं आठवली. खिडकीतल्या झाडाला पाणी घालायचं होतं. ते घातलं. खालून पेपर आणायचा होता. तो टेबलावरच होता. मग चष्मा सापडेना, तो नाकावर निघाला. मी यंत्र काढलं, पट्टा उलगडला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. उलटं करून मागचं झाकण उघडलं.

आत बॅटऱ्या नव्हत्या. जिथे बॅटऱ्या असतात तिथे थोडी धूळ जमली होती.

फळीवर रेडिओ चालू होता. कोणीतरी बाई दोन शहरांमधलं तापमान सांगत होती. मी रेडिओकडे पाहिलं, बाबांनी खिडकीकडे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसरा महिना लागला तेव्हापासून," ते म्हणाले. मग अधिकृत माहिती द्यावी तसं म्हणाले, "रेडिओच्या संपल्या होत्या. याच मापाच्या लागतात."

"दुकानात मिळतात, बाबा. कोपऱ्यावर."

"आणणार होतो."

मी वही उघडली. रकाने सरळ, अक्षर मोत्यासारखं. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. एकशे सव्वीस, ऐंशी. एकशे सत्तावीस, एक्क्याऐंशी. आता पाहिल्यावर कोणाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं असतं. जिवंत माणसाचं रक्त इतकं शिस्तीत वागत नाही.

मी विचारलं, हे आकडे आले कुठून? तेव्हा बाबा जरा सावरून बसले. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं. खात्याचा नियमच तसा होता. रीडिंगला गेलं आणि घर बंद असलं, तर मागच्या तीन रीडिंगांची सरासरी काढायची आणि ती लिहायची. पुढच्या खेपेला दार उघडलं की फरक आपोआप निघतो. चौतीस वर्षांत एक तक्रार आली नाही, असं ते म्हणाले. पहिल्या महिन्यातले शेवटचे तीन आकडे त्यांनी खरे घेतले होते, गोळ्या नव्या नव्या असतानाचे. त्यांची सरासरी काढली. मग त्या सरासरीची सरासरी. एखादा आकडा वर, एखादा खाली.

"पण घर बंद कुठे होतं, बाबा?" मी म्हटलं. "तुम्ही तर आतच होतात."

ते अंड्याचं टरफल बोटानं ताटलीच्या एका कडेला गोळा करत राहिले.

"तूच सांगितलं होतंस," ते शेवटी म्हणाले. "मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकून, पाय खाली, हात टेबलावर. बोलायचं नाही, रेडिओ नाही. तू बसून बघ पाच मिनिटं इथे, एकटी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा."

त्यांची खुर्ची आईच्या पलंगाकडे तोंड करून होती. दोनच खोल्या, खुर्ची दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. हे मी शंभरदा पाहिलेलं होतं, आणि त्याच खुर्चीवर बसवून मी त्यांना रक्तदाब मोजायला शिकवलं होतं. आधी पाच मिनिटं शांत बसा, मग बटण दाबा.

मला रागवायचं होतं, पण राग कोणाकडे टाकावा ते समजेना. मी उठले, रेडिओ बंद केला, त्याच्या बॅटऱ्या काढून यंत्रात घातल्या. खुर्ची खिडकीकडे फिरवली. ती फिरताना टेबलाला अडली, तेव्हा टेबलही सरकवलं. मग मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि आम्ही दोघं पाच मिनिटं गप्प बसलो.

पाच मिनिटं म्हणजे किती मोठी असतात ते मला तेव्हा कळलं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची मशीन धावायची, थांबायची, धावायची. बाबांचा श्वास नाकातून शीळ घालत होता. पट्टा फुगला, सुटला.

एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.

थोडं थांबून पुन्हा घेतलं. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे दोन.

"यंत्र बिघडलं असेल. वापरात नव्हतं," बाबा म्हणाले. पण मीटर खोटं बोलतंय असं म्हणणाऱ्या लोकांशी ते आयुष्यभर दारात उभं राहून भांडले होते. वाक्य पुरं होण्याआधीच त्यांचं त्यांना हसू आलं, आणि मग ते आलं तसं गेलं.

मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टरनं विचारलं, डोकं दुखतंय का, दिसायला काही त्रास, हातापायाला मुंग्या, बोलण्यात फरक? मी एकेक बाबांना विचारून सांगितलं, नाही, नाही, नाही. असं काही झालं तर दवाखान्यात यायचं नाही, थेट मोठं इस्पितळ गाठायचं, असं तिनं बजावलं. नसेल तर आत्ताच या, डॉक्टर एकपर्यंत आहेत, वही घेऊन या. मी वही पिशवीत घातली.

टॅक्सी बाबांच्या जुन्या हद्दीतून गेली. सकाळचं चालणं तरी खरं होतं का, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं. पहिले पंधरा दिवस चालले, याच रस्त्यानं, कारण पायांना दुसरा रस्ता ठाऊक नाही. पण आता मीटर नवे बसलेत. खात्याची गाडी रस्त्यावरून हळू जाते आणि आकडे आपोआप टिपून घेते. वाकायला नको, दार वाजवायला नको. बाबा प्रत्येक फाटकाशी सवयीनं थांबायचे. एकदोघांनी खिडकीतून विचारलं, काय हवंय? त्यांना काही हवं नव्हतं. मग त्यांनी जाणंच सोडलं.

"पाण्यावरून घर कळायचं," ते काचेतून बघत म्हणाले. "पाहुणे आले, बाळ झालं, म्हातारं माणूस गेलं. बोलायला लागायचं नाही. आकडा सांगायचा." सिग्नलला गाडी थांबली. "आपलंही बघितलं मी मध्ये. निम्म्यावर आलंय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. उजव्या. आमच्या घरात असं करायची पद्धत नाही, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडायला झालं, आणि दवाखाना आला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरनं मोजलं. आकडा आमच्यासारखाच आला. मी वही पुढे केली आणि म्हटलं, ही खोटी आहे. पहिला महिना सोडून. तो वहीकडे पाहत राहिला, मग बाबांकडे. ओरडला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, की या वहीवर विसंबून मी तुमची गोळी कमी केली, आणि हे तीन महिने तुम्ही न्हाव्याच्या त्या खुर्चीपासून एक पाऊल अंतरावर काढलेत. चक्कर कशानं येत होती ते आता वेगळं तपासावं लागेल. गोळी आजपासून बदलतो, चार दिवसांनी पुन्हा दाखवायचं, इथे येऊन. मग तंबाखूचं विचारलं. बाबांनी खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. मी ती पुडी पाहिली नव्हती, मला वाटत होतं तंबाखू सुटली. डॉक्टर म्हणाला, शिव्या देऊन कोणाची सुटत नाही, त्यासाठी औषधही आहे, आपण देऊ. वय झालं, आता सोडून काय उपयोग, असं बाबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, उपयोग पुढच्या वर्षीपासूनच दिसतो, या वयातसुद्धा.

"आणि चालायला कोणी सोबत आहे?" त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, बघू. माझा सात वाजताचा 'बघू'.

मग आम्हाला सिस्टरच्या टेबलाशी पाठवलं. वयानं माझ्याएवढी, पायात मऊ बूट, बोलण्यात घाई नाही. तिनं नव्या गोळीचं वेळापत्रक लिहून दिलं आणि बाबांना समोर बसवलं. समजावण्याचं काम रोजचं असूनही ती ते पाठ म्हटल्यासारखं करत नव्हती. म्हणाली, काका, एवढं फक्त लक्षात ठेवा, तुमच्यासाठी आणि घरात जे असतील त्यांच्यासाठी. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात उचलता येईना, बोलणं जड झालं, तर यातलं एकही दिसलं की थांबायचं नाही. बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही.

"आणि मुख्य म्हणजे," ती म्हणाली, "थकवा असेल, जरा पडा, झोपा, असं म्हणायचं नाही. तिथेच वेळ जातो."

बाबा तिच्या हाताकडे बघत होते. टेबलावर कागद होता, त्यावर तिनं इस्पितळाचा फोन मोठ्या आकड्यांत लिहिला होता.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"किती वेळात नेलं तर उपयोग होतो?"

तिनं सांगितलं, जितकं लवकर तितकं चांगलं. पहिले तीन-चार तास फार मोलाचे, त्यात नेलं तर निदान काहीतरी करता येतं. सगळेच वाचतात असं नाही, पण करता येतं.

बाबांनी मान हलवली. मनातल्या मनात वजाबाकी करताना ते ओठ हलवतात, तसे हलवले. मी म्हटलं, चला बाबा, टॅक्सी मिळेल आत्ता. मला ते वाक्य तिथून उचलून बाहेर न्यायचं होतं. सिस्टरच्या लक्षात काहीतरी आलं असावं. तिनं पेन खाली ठेवलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं नाही.

"आठ वाजता तिच्या हातातून कप पडला," बाबा म्हणाले. आवाज अगदी सपाट होता, दारातून आकडा सांगावा तसा. "डाव्या हातातून. मी फरशी पुसली. वर बघितलं तर तोंड असं झालं होतं." त्यांनी दोन बोटांनी स्वतःचा गाल खाली ओढून दाखवला. "काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मला वाटलं रात्रीची झोप झाली नाही. मीच तिला धरून पलंगावर नेलं आणि म्हटलं, पड जरा. पांघरूण घातलं. नंतर पेपर वाचला. सगळा वाचला, जाहिरातींसकट. ती अकरापर्यंत उठली नाही."

बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"सगळे म्हणतात, झोपेत गेली," बाबा म्हणाले. "कोणी मला एकदा तरी विचारायला हवं होतं."

माझ्या जिभेवर तयार वाक्यं होती. तुमचा काय दोष, तुम्हाला काय माहीत, तुम्ही डॉक्टर थोडेच आहात. घरातल्या प्रत्येकाकडे ही वाक्यं इस्त्री करून ठेवलेली होती, वेळ आली तर काढायला. ती मी म्हटली असती तर ते हो म्हणाले असते, आम्ही घरी गेलो असतो, खुर्ची पुन्हा पलंगाकडे वळली असती, आणि सोमवारी सात वाजता मला कुठलातरी सभ्य आकडा ऐकायला मिळाला असता.

मी त्यांच्या समोर वाकले, चांगल्या कानाच्या बाजूनं.

"बाबा, आदल्या संध्याकाळी मी फोन केला होता. तेव्हाच तिची जीभ जड होती. तिनं मला सांगितलं, मला ऐकूही येत होतं, आणि मी तिची थट्टा केली. तुमच्या आधी मला कळलं होतं."